विषादाचा संसार : ‘एम आणि हूमराव’

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे. गात्रे शिथिल झालेला, धनुष्य टाकून रथात बसून राहिलेला अर्जुन हे आपल्या परंपरेतील विषादाचे सर्वांत परिचित चित्र होय. ज्ञानदेवांपासून विनोबांपर्यंत मराठी मनाने ह्या चित्राचे सतत चिंतन केले आहे. परंतु ह्या चित्राच्या सहवासाने आपणांस नकळत एक सवयही जडली आहे. अर्जुनाच्या विषादाला कारण आहे. ते समोरच्या सैन्यात उभे आहे. त्याच्यावर उपाय आहे. तो म्हणजे उपदेश. आणि त्याला अंत आहे. अठरावा अध्याय संपण्यापूर्वीच अर्जुन उठून उभा राहतो. कारण, उपदेश आणि अंत ह्या तीन पायऱ्यांनीच विषाद चढता-उतरता येतो, असे आपण धरून चालतो. हा गीतेचा दोष नव्हे. गीतेला रोगाचे वर्णन करावयाचे नव्हतेच. दोष आहे तो आपल्या वाचनाचा.

कारण, दुसऱ्याही एका प्रकारचा विषाद जगात आहे. त्याला बाहेर कारण सापडत नाही, त्याच्यावर उपदेश चालत नाही, आणि अठरा अध्यायांनी तर नाहीच, अठरा वर्षांनीही तो संपेल अशी खात्री देता येत नाही. तो रणभूमीवर न येता घरात येतो. एखाद्या गृहिणीच्या, पत्नीच्या, दोन मुलांच्या आईच्या ठिकाणी तो वस्तीला येतो आणि मग त्या घराचे जेवणखाण, झोप, हिशेब, सणवार, पाहुणे, मुलांच्या परीक्षा, पतिपत्नींचे बोलणे आणि न बोलणे, ह्या सर्वांवर त्याची सत्ता चालू लागते. अशा संसाराचे चित्रण वाङ्मयाने कसे करावे? कारण नाही, उपाय नाही, अंत नाही. मग कथानक कशाचे रचावयाचे? हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नसून वाङ्मयाचा, आणि नेमकेपणाने सांगावयाचे तर कादंबरीच्या घाटाचा प्रश्न आहे. त्याला अलीकडच्या काळात मिळालेले एक समर्थ उत्तर म्हणून आम्ही जेरी पिंटो ह्यांच्या ‘एम आणि हूमराव’ ह्या कादंबरीकडे पाहतो आणि तिच्यासंबंधी काही विचार वाचकांपुढे ठेवतो.

मूळ कादंबरी इंग्रजी. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि २०१६ चा इंग्रजी भाषेसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. मराठी अनुवाद शांता गोखले ह्यांचा. आमच्या गोमंतकीय वाचकांना ही कादंबरी परकी वाटण्याचे कारण नाही. तिच्यातील कुटुंब गोव्याचे ख्रिस्ती असून मुंबईत माहीमला स्थायिक झालेले आहे. कुटुंबप्रमुख ऑगस्टीन हा आमच्या बार्देशातील मयडे गावचा. मयड्याची केळी ज्यांनी चाखली आहेत, त्यांना हा गृहस्थ घरचाच वाटेल. त्याची पत्नी इमेल्डा हिचे माहेर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश सोडून आलेले. दोघांची ओळख कचेरीत झाली, दीर्घकाळ प्रेम चालले, मग विवाह झाला, सुसान नावाची मुलगी झाली आणि नंतर एक मुलगा. हा मुलगाच कादंबरीचा निवेदक. त्याचे नाव आपणांस अखेरपर्यंत कळत नाही. मुले आईला ‘एम’ म्हणतात आणि वडिलांना जे नाव देतात त्याचे मराठीत ‘हूमराव’ झाले आहे.

मुलाच्या जन्मानंतर एमच्या मनात काहीतरी बिघडते. ती स्वतः त्याला आत कोठेतरी उघडल्या गेलेल्या नळाची उपमा देते. आधी थेंब, मग धार. पुढे विषाद आणि उन्माद ह्यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या लाटा, आत्मघाताचे प्रयत्न, जे. जे. रुग्णालयातील मनोविकारांच्या तेहतीस क्रमांकाच्या वॉर्डातील मुक्काम, गोळ्या, काही बरे दिवस, आणि पुन्हा तेच. कादंबरी सुरू होते तीच ह्या वॉर्डात, आई आणि मुलगा ह्यांच्या गप्पांनी.

ह्या कादंबरीचे वेगळेपण ध्यानी येण्यासाठी आपल्या कादंबरीने दुःखाचे चित्रण कसे केले आहे हे क्षणभर आठवावे लागेल. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधील यमूचे दुःख वाचून आजही काळीज हलते. परंतु ते दुःख समजते, कारण त्याचा कर्ता दिसतो. रूढी दिसते, सासर दिसते, वैधव्य आणि केशवपन दिसते. वाचकाच्या करुणेला क्रोधाची जोड मिळते आणि क्रोधाला दिशा मिळते. पुढील पन्नास-पाऊणशे वर्षे मराठी कादंबरीने हाच मार्ग प्रशस्त केला. दारिद्र्य, विजोड विवाह, संशय, वियोग, ह्यांपैकी कोणते ना कोणते कारण दुःखाच्या मागे उभे असलेच पाहिजे, असा जणू दंडक झाला. खुद्द शांता गोखले ह्यांची ‘रीटा वेलिणकर’ घ्या. तिची नायिका मनाने कोसळून रुग्णालयात आलेली आहे. परंतु कुटुंबाचा भार वर्षानुवर्षे एकटीने वाहिल्याचा आणि एका विवाहित पुरुषावरील प्रेमाचा इतिहास वाचून झाल्यावर तिचे कोसळणे आपणांस उमगते. तेथे कारण हेच कादंबरीचे कथानक आहे. त्याच लेखिकेने पुढे ‘एम आणि हूमराव’ मराठीत आणावी, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

येथे ‘कारण’ नावाचा आधारच काढून घेतला आहे. एमचा नवरा वाईट नाही. तो व्यसनी नाही, संशयी नाही, आळशी नाही. घरात अन्नाची ददात नाही. प्रेमविवाह आहे, मुले गुणी आहेत. निवेदक आईच्या जुन्या रोजनिश्या आणि पत्रे चाळतो, तिला प्रश्न विचारतो, तिच्या माहेराचा, नोकरीचा, प्रेमाचा इतिहास गोळा करतो. वाचकाला वाटते, आता ह्या कागदांत कोठेतरी किल्ली सापडेल. किल्ली सापडत नाही. सापडते ती एक हुशार, विनोदी, प्रेमळ, थोडी बावरलेली तरुणी. तिला पाहून रोग समजत नाही. रोगाने काय नेले तेवढे समजते. मुलाने कारणाचा शोध घ्यावा आणि त्या शोधात त्याला कारणाऐवजी आई भेटावी, ही ह्या कादंबरीची मध्यवर्ती कल्पना आहे, असे आमचे मत आहे. सारा ग्रंथ तिच्यावर उभा आहे.

आता घाटाकडे वळू. एकामागून एक घटना घडून शिगेला पोचणारे कथानक येथे नाही. कादंबरी पुढे जाते, मागे येते, आठवणीतून पत्रात आणि पत्रातून संभाषणात शिरते. प्रथमदर्शनी ही रचना सैल वाटेल. परंतु थोडा विचार केला म्हणजे कळते की दीर्घ विषादाच्या घरात काळाची चालच अशी असते. तेथे ‘मग पुढे काय झाले?’ ह्या प्रश्नाला अर्थ उरत नाही. ‘आज कसे आहे?’ हा एकच प्रश्न रोज सकाळी नव्याने विचारावा लागतो. ह्या घरात दिवस मोजले जातात ते आईच्या चेहऱ्यावरून. ती बडबडत असली, विड्या ओढीत मनाला येईल ते अघळपघळ बोलत असली, तर एक प्रकारची काळजी. ती गप्प झाली तर दुसऱ्या प्रकारची. चांगला दिवसही निखळ आनंदाचा नसतो, कारण तो किती टिकेल हे ठाऊक नसते. सुखालाही पहाऱ्यावर उभे राहावे लागते, ही ह्या संसाराची खरी व्यथा आहे. लेखकाने ती कोठेही सिद्धांत म्हणून सांगितलेली नाही. छोट्या घरातील दारे, खाटा, चहा, बोलाचाली ह्यांतून ती आपोआप झिरपते. एक खोली, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत चार माणसांनी राहावयाचे म्हणजे कोणालाही एकट्याने रडण्यास जागा नाही, हेही त्यात आलेच.

विवाहसंबंधाचे चित्रण हा ह्या कादंबरीचा सर्वांत मोलाचा भाग होय. आपल्या कथावाङ्मयात पतिपत्नींच्या प्रेमाची कसोटी बहुधा एखाद्या प्रसंगाने लागते. एक संकट येते, त्याग घडतो, प्रेम सिद्ध होते. हूमरावाची कसोटी कोणत्याही एका प्रसंगाने लागत नाही. ती रोज लागते आणि रोजची उत्तीर्णता दुसऱ्या दिवशी रद्द होते. तो कचेरीत जातो, पैसे मिळवितो, घरचे पाहतो, रुग्णालयात जातो, मुलांना धीर देतो. त्याच्या प्रेमाला भाषण नाही. रोगाने ह्या दांपत्यातील समानता हिरावून घेतली आहे. एक शुश्रूषा करणार आणि दुसऱ्याने ती स्वीकारावयाची, अशी वाटणी कायमची झाली आहे. तरीही एम त्याला आपल्या जुन्या लाडक्या नावांनी हाक मारते, त्याची थट्टा करते, आणि क्षणभर ती दोघे पुन्हा कचेरीतल्या त्या तरुण जोडप्यासारखी होतात. रुग्ण आणि शुश्रूषक ह्यांच्या नात्याखाली प्रियकर-प्रेयसीचे नाते पुरते गाडले गेलेले नाही, हे ज्या कौशल्याने सुचविले आहे, त्याला तोड नाही.

परंतु हे प्रेम रोगाला बरे करीत नाही. येथे लेखकाने दाखविलेला प्रामाणिकपणा विरळा आहे. ‘प्रेमाने सर्व काही जिंकता येते’ ह्या गोड समजुतीवर किती नाटके आणि चित्रपट उभे आहेत, हे सांगावयास नको. ह्या घरात प्रेम भरपूर आहे आणि तरीही ते पुरत नाही. मुलांना ही गोष्ट कोवळ्या वयातच कळते. आईचे प्रेम आपल्यावर आहे, आणि तरीही तिला मरावेसे वाटते. मग आपण तिला जगण्यासाठी पुरेसे नाही काय? हा प्रश्न कोणत्याही मुलाला पडू नये असा आहे. ह्या मुलांना तो पडतो. सुसान आणि तिचा भाऊ ह्यांच्यातील अबोल समजूत, पाळीपाळीने आईजवळ थांबणे, आणि निवेदकाच्या मनातील ‘हे माझ्याही रक्तात उतरले असेल काय?’ ही भीती, हा सारा भाग अतिशय संयमाने लिहिला आहे. आपला जन्म हीच आईच्या रोगाची सुरुवात, हे ज्या मुलाने आईच्याच तोंडून ऐकले, त्याने एवढ्या शांतपणे लिहावे ह्याचे नवल वाटते. लेखकाच्या स्वतःच्या घराची छाया ह्या कादंबरीवर आहे, हे त्यांनी लपविलेले नाही. वीस वर्षांहून अधिक काळ ते ह्या लेखनाशी झगडत होते. आत्मचरित्रातील कढ निवून त्याची कादंबरी होण्यास एवढा काळ लागला असेल, तर तो व्यर्थ गेला नाही.

विनोदाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. एम बोलू लागली की भल्याभल्यांची भंबेरी उडते. लज्जेच्या, सभ्यतेच्या, धर्माच्या साऱ्या सीमा ती सहज ओलांडते. दुःखाच्या कथेत हास्य कसे नांदते ह्याचा मराठीतील आदर्श म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केल्यावर लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जे आले, त्याची कल्पना करवत नाही. पण त्या सांगतात ते हसतहसत. मात्र दोन्ही ठिकाणच्या हास्यात एक भेद आहे. लक्ष्मीबाईंचे हास्य दुःखाच्या पैलतीरावरून येते. त्यांना मागे वळून पाहता येते. एमचे हास्य प्रवाहाच्या मध्यावरून येते, आणि ते हास्य आहे की बुडणाऱ्याची हाक आहे, हे घरच्यांना प्रत्येक वेळी नव्याने ओळखावे लागते. उन्मादाची लाट आणि निखळ विनोद ह्यांची सीमारेषा कोठे, हा प्रश्न मुलांनाही पडतो आणि वाचकालाही.

ह्यातूनच आमचा पहिला आक्षेप निर्माण होतो. एमची वाणी इतकी मोहक आहे की तिच्या मौनाच्या दिवसांना ग्रंथात पुरेशी जागा मिळालेली नाही. विषादाचा खरा भार त्याच दिवसांत असतो. बोलणे नाही, उठणे नाही, वेणी नाही, जेवण नाही. घरातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी मोठी होते. असे प्रसंग कादंबरीत आहेत, आणि जेथे आहेत तेथे ते काळजाला भिडतात. परंतु वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्या कानात राहते ती चमकदार एम. ज्या घरांतील रुग्ण विनोदी नाहीत, केवळ खिन्न आहेत, त्या घरांची कथा अजून लिहिली जावयाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हूमरावाचे अंतरंग आपल्यापुढे जवळजवळ बंदच राहते. एमची पत्रे आहेत, रोजनिश्या आहेत, संभाषणे आहेत. हूमरावाचे काय आहे? त्याच्या तरुणपणाविषयी आपणांस थोडेफार कळते. परंतु रुग्णालयातून परतल्यावर रात्री हा माणूस काय विचार करीत असेल? तो कधी संतापला नसेल काय? सोडून जावे असे त्याला एकदाही वाटले नसेल काय? मुलाच्या दृष्टीतून पाहिल्यामुळे तो पर्वतासारखा दिसतो, आणि मुलाच्या बाजूने ते स्वाभाविकही आहे. परंतु पर्वताचे दुःख कोणी विचारीत नाही. अशा आदर्शात एक धोका असतो. वाचक उद्या एखाद्या थकलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला सांगू लागेल, ‘हूमरावासारखे व्हा.’ म्हणजे ज्या उपदेशाचे वैयर्थ्य कादंबरीने दाखविले, तोच उपदेश कादंबरीच्या नावाने पुन्हा घरात शिरेल.

अनुवादाविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजी बोलणाऱ्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबाला मराठी बोलावयास लावणे, आणि त्यातही एमच्या शब्दखेळांना मराठी वळण देणे, हे काम अवघड. ‘हूमराव’ हे एक नाव घेतले तरी अनुवादिकेची समज दिसून येते. मूळ नावातील थोरपणा त्यांनी ‘राव’ ह्या दोन अक्षरांत आणला. त्यात आदर आहे, थोडी थट्टा आहे, आणि मराठी घरातील कर्त्या पुरुषाचे वजनही आहे. खुद्द पिंटो ह्यांनी दया पवारांचे ‘बलुतं’ आणि मलिका अमर शेख ह्यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ ही आत्मकथने इंग्रजीत नेली आहेत. दोन भाषांमधील ही देवघेव दोन्ही बाजूंनी चालू आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

एम अखेरीस मरण पावते. मात्र ज्या मरणाची घराने वर्षानुवर्षे धास्ती घेतली होती, ते हे नव्हे; हृदयविकाराने आलेले साधे मरण. मोठा शेवट कादंबरी नाकारते. पहारा संपतो, आणि पहारेकऱ्यांना आता हातांचे काय करावे हे कळत नाही.

हे परीक्षण आम्ही येथे संपविले असते. परंतु ही कादंबरी वाचताना आम्हांस पुन्हा पुन्हा जे आठवत राहिले, ते सांगितल्यावाचून तिचे ऋण फिटणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आठव्या इयत्तेत एक मुलगा होता. तो नेहमी उशिरा येई, गृहपाठ अपुरा असे, कधी डबा नसे. नियमाप्रमाणे आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे केले. वडिलांना चिठ्ठी पाठविली. ते आले, प्रत्येक वेळी एकटेच आले. मुलाच्या आईची प्रकृती बरी नसते, एवढेच म्हणाले. काय होते, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी खाली पाहिले. मग, शिक्षकाच्या तोंडी जे सहज येते ते आमच्या तोंडी आले. त्यांचे मन कशात तरी गुंतवा, सकाळी फिरावयास न्या, भजनाला पाठवा, मुलाकडे पाहून तरी त्यांनी उमेद धरली पाहिजे, असे पुष्कळ आम्ही बोललो. गृहस्थांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. उठताना ते म्हणाले, “सर, तुम्ही सांगता ते सगळे करून झाले. तेरा वर्षे झाली. एकच विनंती आहे. तो उशिरा आला तर त्याला बाहेर उभा करू नका. सकाळी आईला चहा पाजून, गोळी देऊन तोच निघतो. मला पहिल्या बसने जावे लागते.”

आम्ही गीता शिकविली आहे. विषादावर उपदेश हा उतारा, असे मानून चाललो आहोत. त्या दिवशी समोरच्या माणसाला उपदेश नको होता. पंधरा मिनिटांची सवलत हवी होती. आम्ही ती दिली, परंतु उशिरा दिली. आणि तो मुलगा वर्षभर ज्या भिंतीपाशी उभा राहिला, ती आजही आमच्या कचेरीच्या खिडकीतून दिसते.

वाङ्मयाने रोग बरे होत नाहीत. परंतु ‘कारण काय?’ असे विचारणाऱ्या समाजाला ‘आज कसे आहे?’ असे विचारावयास ते शिकवू शकते. ‘एम आणि हूमराव’ ही कादंबरी ते शिकविते. ती आमच्या हाती आणखी काही वर्षे आधी पडावयास हवी होती.